चौदा नंबरची चिठ्ठी

लोणावळ्याहून येणारा माणूस चिक्की आणतो. मीही आणली आणि भंडाऱ्याला परतल्यावर शेजारी वाटली. "काय काय पाहिलं?" असं सगळ्यांनीच विचारलं आणि मी धरण, धुकं, लेणी असं काहीबाही सांगत राहिलो. खरं कोणालाच सांगितलं नाही. ते इथे लिहितो. या वयात इतक्या लांब मी हवापालटाला गेलो नव्हतो. एक पत्र पोचवायचं राहिलं होतं. ते सात वर्षं माझ्या कपाटात होतं.

आधी थोडं मागचं सांगायला हवं. मावळात औषधांचा एक लहान कारखाना होता. मी तिथे निर्यातीची कागदपत्रं बघत असे. निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी मालकांनी मला ठेवून घेतलं होतं. आमचं एक औषध थॅलेसेमिया झालेल्या मुलांसाठी होतं. या मुलांना जन्मभर दुसऱ्याचं रक्त द्यावं लागतं. त्या रक्तामुळे शरीरात लोह साठत जातं आणि ते बाहेर काढलं नाही तर हृदय, यकृत खराब होतं. लोह बाहेर काढणारं औषध आम्ही बनवत होतो आणि त्यातलं बरंचसं इराणमधल्या शिराझ शहरातल्या एका रुग्णालयाला जात होतं.

मग इराणवर आर्थिक निर्बंध आले. आपल्या देशाने घातलेले नव्हेत, दूरच्या एका मोठ्या देशाने घातलेले. औषधांना त्यातून सूट होती. हे वाक्य मी मुद्दाम लिहितो, कारण तेव्हाही मी ते वाचलं होतं. पण बँकेकडून एक पत्र आलं की अशा व्यवहारांत दक्षता घ्यावी. दक्षता म्हणजे नेमकं काय, ते त्यात नव्हतं. मालकांनी विचारलं, "बोरकर, माल जाऊ द्यायचा का?" मी म्हणालो, "नको. उगीच आपलं नाव कुठल्या यादीत यायचं." ती यादी कसली, हे मला ठाऊक नव्हतं. मी बँकेला उलट विचारलंही नाही.

भरलेली खोकी गोदामात पडून राहिली. चार महिन्यांनी पॅकिंग विभाग बंद करायची वेळ आली. तिथल्या बायकांना काय कारण सांगायचं, हा प्रश्न आला. निर्बंधांचं नाव काढलं तर बाकीची गिऱ्हाइकं बिचकतील, असं मालकांचं म्हणणं होतं. "काहीतरी लिहा," म्हणाले. आमच्याकडे खोकं भरणाऱ्या प्रत्येक बाईला नंबर असे आणि खोकं बंद करण्याआधी ती आपल्या नंबरची चिठ्ठी आत ठेवी, आत किती डब्या आहेत ते लिहून. मी फलकावर लावायच्या कागदावर लिहिलं की चौदा नंबरच्या चिठ्ठ्या आणि माल जुळत नसल्याने परदेशी गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केली.

चौदा नंबर म्हणजे बेडशाच्या सुमन ओव्हाळ. त्यांच्या खोक्यात कधी एका डबीचीही चूक निघाली नव्हती. मग त्यांचाच नंबर का? कारण त्या दिवशी माझ्या टेबलावर शिराझहून आलेलं एक पत्र होतं आणि त्यात चौदा नंबर लिहिलेला होता. हात त्याच आकड्यावर गेला. याहून बरं कारण मला आजही सापडत नाही.

गेल्या उन्हाळ्यात बायकोच्या हृदयाच्या गोळ्या भंडाऱ्यात आठ दिवस मिळेनात. चार दुकानं फिरलो. प्रत्येक जण म्हणाला, "वरून माल नाही." वर कोण आहे, ते कोणालाच माहीत नव्हतं. गोळ्या मिळाल्या, बायको बरी आहे. पण त्यानंतर कपाटातलं ते पत्र मला झोपू देईना.

लोणावळा

कार्तिक निम्मा होत आला होता. वलवणच्या बाजूला एक स्वस्तातलं लॉज घेतलं. सकाळी दार उघडलं तर समोरचा रस्ताच नाही, नुसतं पांढरं. आमच्याकडे थंडी कोरडी असते, हाडांना लागते. इथली ओली. स्वेटरच्या आत शिरून बसते. धरणाकडे फिरून आलो तेवढ्यात चष्म्यावर पाणी साचलं.

लॉजबाहेर एक टॅक्सीवाला उभा होता. "आबा, पॉइंट करायचं का? अर्ध्या दिवसात समदं दाखवतो."

"मला बेडशाला जायचंय."

"बेडसं? तितं काय हाय? नुसती लेणी. त्यापरीस टायगर पॉइंटला चला, मक्याचं कणीस खावा, फोटू काढा."

मी नको म्हणालो. खरं तर हो म्हणावंसं वाटत होतं. दिवसभर बाजारात हिंडलो, चिक्कीच्या आठ दुकानांत आठ प्रकारचे तुकडे चाखले, आणि संध्याकाळी लॉजवर येऊन स्वतःला विचारलं, आलास कशाला? सुमनबाईंनी अंगावर धावून यावं असं वाटत होतं, की त्या घरी नसाव्यात असं? दोन्ही वाटत होतं.

कामशेत

दुसऱ्या दिवशी पुण्याकडची लोकल धरली आणि गोंधळात एक स्टेशन आधी, मळवलीला उतरलो. पुढच्या गाडीची वाट बघत तासभर बाकावर बसलो. समोर भातकापणी चालली होती. आमच्याकडे याला धान म्हणतात. आमच्या भागात आता मळणीला यंत्र येतं. इथे एक नवरा-बायको फळीवर पेंढ्या आपटून दाणे झोडत होते. दोघांचा ताल एक होता.

कामशेतला स्टेशनजवळ इब्राहिमभाईंची बेकरी आहे. इब्राहिमभाई पूर्वी आमच्या कारखान्याचा टेम्पो चालवत. सुमनबाईंचा पत्ता त्यांनाच माहीत असणार होता.

"आरं तिच्या! बोरकरसाहेब? जिवंत हाय व्हय तुमी? मी तर मनातल्या मनात मातीला बी जाऊन आलो तुमच्या!"

चहा आला, बशीत नानकटाई आली. बोलत बोलत त्यांनी एका बाईला पुडा बांधून दिला. तिने उघडून पाहिला आणि हसली. "भाई, चौदा नंबर केलंत की! खारी मागितली, टोस दिला."

मी कप खाली ठेवला. ती गेल्यावर मी विचारलं, "चौदा नंबर म्हणजे?"

"आवं, तुमच्याच कंपनीतलं हाय. त्या पॅकिंगच्या बायका म्हनायच्या बाजाराला येताना जीपमदी, कुनी काय चुकलं की. मग बाजारानं उचललं. आता भाताचा व्यापारी बी म्हनतो, पोतं कमी भरलं की चौदा नंबर झालं. नव्या पोरांना म्हाईत बी न्हाई कुटनं आलं ते."

मी त्यांना सांगायला सुरुवात केली. निर्बंध, बँक, मालक. मालकांनी माल थांबवला, मालकांनी खोटं कारण लावायला सांगितलं, असं सांगितलं. स्वतःचं नाव मी त्यात कुठेच येऊ दिलं नाही. इतक्या लांब कशासाठी आलो होतो, आणि पहिल्याच माणसासमोर हे.

इब्राहिमभाई हसायला लागले. "म्हंजी त्या दिवशी मला गेटवरनं माघारी धाडलं ते त्याच्यापायी? आन् मला वाटलं टेम्पोचं पासिंग संपलंय म्हनून! दुसऱ्या दिवशी धावत जाऊन नवं पासिंग करून आनलं मी!" मग हसणं थांबलं. "मग सुमनबाईचं काय चुकलं हुतं?"

"काहीच नाही."

त्यांनी काउंटर पुसून घेतला. मग नानकटाईचा एक पुडा बांधून माझ्यापुढे सरकवला. "उद्या जाताय न्हवं? तिला द्या. मी बी म्हनलोय ते चौदा नंबर, लय वेळा. तिच्यासमोर सुदीक."

लॉजवर आल्यावर लक्षात आलं की पुडा आणला, पण चष्मा बेकरीतच राहिला.

बेडसे

बेकरी अजून उघडली नव्हती, म्हणून कामशेतहून तसाच रिक्षाने बेडशाला गेलो. सकाळचं कोवळं ऊन होतं, दोन्ही बाजूंना कापलेली भातखाचरं, आणि सगळीकडे पेंढ्याचा गोड वास. हा वास आमच्याकडेही असतो. तेवढ्यापुरतं मला घरी असल्यासारखं वाटलं. गाव मागे पडलं आणि लेण्यांच्या पायऱ्या सुरू होतात तिथे एका छपराखाली सुमनबाई लिंबं चिरत बसल्या होत्या. काम गेल्यापासून त्या तिथे सरबत विकतात, असं इब्राहिमभाईंनी सांगितलं होतं.

त्यांनी मला लगेच ओळखलं. "बसा साहेब. सरबत घ्या आदी."

"सुमनबाई, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"हितं नको. गिऱ्हाईक येतंय. वर चला."

गुडघ्यांमुळे मी दोनदा बसलो. त्या पुढे जाऊन थांबत, मागे वळून बघत. वर पोचलो तेव्हा सूर्य थेट लेण्यात येत होता. अरुंद वाटेतून आत गेलं की एकदम उंच खांब समोर येतात. अगदी वर घोड्यांवर, हत्तींवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी आहेत. इतकी वर्षं मावळात काढली आणि मी हे कधी पाहिलंच नव्हतं. खांबाशी टेकून बसलो आणि सांगितलं. या वेळी माझं नाव घेऊन सगळं सांगितलं.

सुमनबाई लुगड्याला चिकटलेली कुसळं एकेक करून काढत होत्या.

"म्हंजी माझ्या चिठ्ठ्या बरोबर हुत्या?"

"बरोबर होत्या."

"समद्या?"

"सगळ्या."

"मी मोजतीय साहेब. सात वर्सं मोजतीय. डोळं मिटलं की खोकं म्होरं येतंय. ह्या थरात किती डब्या, त्या थरात किती. कुटं चुकलं आसंल, कवा चुकलं आसंल."

मी खिशातून पत्र काढलं. चष्मा नव्हता. त्यांनी आपला दिला, एक काडी दोऱ्याने बांधलेला. त्यातून अक्षरं जरा तिरकी दिसत होती. इंग्रजीतलं पत्र मी मराठीत वाचून दाखवलं. रुग्णालयाचं औषधभांडार सांभाळणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं: चौदा नंबरची खोकी आमच्याकडे नेहमी नीट भरलेली येतात, त्या चिठ्ठ्या आम्ही ओळखतो. आता चार महिने काही आलेलं नाही. आमच्याकडून काही चुकलं का? कागदात, पैसे पाठवण्यात, किंवा काही लिहिण्यात? कृपा करून चौदा नंबरला विचारा, एखादं खोकं शिल्लक आहे का.

"त्यांना बी तसंच वाटलं व्हय," सुमनबाई म्हणाल्या. मग, "हुतं का शिल्लक?"

"होती. गोदामात. तुम्ही भरलेलीच."

"मग?"

"मुदत संपली. नियमाप्रमाणे जाळून टाकली."

"आन् ती पोरं?"

"माहीत नाही. दुसरीकडून मिळालं असेल. नसेलही. मी कधी विचारलं नाही."

खाली कोणीतरी सरबतासाठी हाका मारत होतं. त्या उठल्या नाहीत. मी बोलत राहिलो. निर्बंध त्या देशाने घातले, घाबरवलं बँकेने, कारण मागितलं मालकांनी. नेमका दोष कोणाचा, हे मला अजून कळत नाही, असंही म्हणालो. ते खरंच होतं. आजही कळत नाही.

"ते समदं आसंल," त्या म्हणाल्या. "पन चौदा कुनी लिवलं?"

"मी."

"मग तेवढंच बोला. आन् नुसतं मला सांगून काय उपेग? आज पुनव हाय. सांच्याला इहारात वंदनेला समद्या येत्यात. तारा येती. तितं सांगा."

तारा त्यांची जिवाभावाची मैत्रीण, पॅकिंगला शेजारी बसायची. काम गेल्यापासून बोलत नव्हती.

दुपारी त्यांनी मला घरी जेवायला नेलं. नव्या इंद्रायणीचा वाफाळता भात आणि सुकटाची चटणी. आमच्याकडचा चिन्नोर मोकळा असतो, दाणा दाण्याला लागत नाही. हा एकमेकांना चिकटलेला, मऊ. सुमनबाईंच्या सासूबाई पंच्याऐंशीच्या पुढच्या आहेत. त्या माझ्या ताटाकडे बघून म्हणाल्या, "भात आसा तोडून तोडून काय खाताय आबा? कालवा की." मी कालवला.

विहार

विहार लहानसा आहे, निळ्या रंगाचा. मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली, आणि खिरीचं पातेलं आत आलं. सुमनबाई म्हणाल्या, "साहेबांना काय बोलायचंय."

मी उभा राहिलो. समोर तीसेक माणसं. मी सुरुवात केली ती दोन देशांच्या भांडणापासून. मग तेल, मग बँका, मग सवलतीचा नियम. माझं मलाच कळेना मी कुठे चाललोय. तेव्हा पुढच्या ओळीतून तारा म्हणाली, "साहेब, ते देशाचं ऱ्हाऊ द्या. हिनं चूक केली हुती का न्हाई?"

"नव्हती. मी खोटं लिहिलं होतं."

तारा बोलली, मोठ्याने, माझ्यावर. "सात वर्सं मी हिच्या दाराची पायरी चढले न्हाई! माझ्या लेकीच्या लग्नात हिला बोलावलं न्हाई! आन् तुमी आज येताय व्हय? खीर खायाला?" बोलता बोलता ती रडायला लागली, आणि तिच्याजवळ जावं की नाही, ते सुमनबाईंना ठरवता येईना. त्या पातेल्यापाशी तशाच उभ्या राहिल्या, हातात डाव घेऊन.

सासूबाईंनी मला जवळ बोलावलं. "ते निरबंद म्हंजी काय म्हनलात?"

"एखाद्या देशाशी कोणी देवाणघेवाण करायची नाही, असं ठरवतात आजी."

"म्हंजी वाळीत टाकायचं."

"हो. तसंच."

"मग आसं सोपं सांगावं की! मगाधरनं काय बँका बँका लावलंय!" दोघी-तिघी हसल्या. म्हातारी मात्र हसत नव्हती. "छप्पन साली आमी धम्म घेतला, तवा माझ्या माहेरच्या गावानं आमाला टाकलं. दुकानदाराला सांगितलं, ह्यांना मीठ द्यू नको. त्यानं न्हाई दिलं. पन गिरनीवाल्याला कुनीच काय सांगितलं न्हवतं. त्यानं आपल्याच मनानं आमचं दळन बंद केलं. भ्याला बिचारा."

"मग?"

"मग काय? जात्यावर दळलं. हातं सोलली." तिने आपले तळवे माझ्यापुढे धरले, जणू अजून दिसत असावं. "दुकानदाराचा राग गेला बगा माझा. गिरनीवाल्याचा न्हाई गेला अजून."

मी मागे जाऊन बसलो. थोड्या वेळाने कोणीतरी खिरीची वाटी माझ्या हातात दिली. बघितलं तर सुमनबाई होत्या. ताराच्या वाटीत त्यांनी खीर घातली तेव्हा ताराने वाटी मागे घेतली नाही. एवढंच मी पाहिलं. याचा अर्थ काय लावायचा ते मला माहीत नाही.

निघताना सुमनबाईंनी इब्राहिमभाईंचा पुडा उघडला, एक नानकटाई सासूबाईंना दिली, आणि मला म्हणाल्या, "त्या बाईला उत्तर लिवा."

"आता? सात वर्षांनी?"

"मला बी सात वर्सांनीच कळलं न्हवं? लिवा. त्यांच्याकडनं काय चुकलं न्हवतं. माझ्याकडनं बी न्हाई. खोकी हुती. आन् पोरं कशी हायत ते इचारा." मग जरा थांबून म्हणाल्या, "चौदा नंबर लिवू नका. नाव लिवा."

लोणावळा, निघण्याच्या दिवशी

बेकरीतून चष्मा घेतला आणि सुमनबाई म्हणाल्या तसंच इंग्रजीत लिहिलं. खोकी कोणाच्या भीतीने थांबली होती, हे एक वाक्य माझ्या नावाने जोडलं. वर पत्ता जुन्या पत्रावरचा, पाठवणाऱ्याच्या जागी सुमन ओव्हाळ, बेडसे.

पोस्टात खिडकीमागे एक तरुण बाई होती. "इराण? थांबा हं आजोबा." तिने संगणकात पाहिलं, मग शेजारच्याला विचारलं.

शेजारचा म्हणाला, "ते बंद असेल ना? त्यांच्याशी काय काय बंद आहे."

"बंद आहे असं कुठे लिहिलंय का?"

"लिहिलेलं नाही, पण…"

तो 'पण' माझ्या चांगल्या ओळखीचा होता. मी खिडकीची कड धरून उभा राहिलो.

"लिहिलेलं नाही ना? मग मी घेते," ती म्हणाली आणि शिक्का मारला. "पोचेल की नाही ते मला सांगता येणार नाही हं. परत आलं तर पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर येईल."

तिलाही काहीच माहीत नव्हतं, माझ्याइतकंच. पाकीट तिने मागच्या पिशवीत टाकलं आणि पुढच्या माणसाला म्हणाली, "बोला."

चिक्की घेतली, गाडीत बसलो. या गोष्टीला आता दोन महिने झाले. काल इब्राहिमभाईंना फोन केला. आधी त्या दिवशी अर्धं खोटं बोललो होतो ते कबूल केलं, म्हणजे माल मालकांनी नव्हे, मी थांबवला होता, हे सांगितलं. "कळलंय मला," ते म्हणाले. "बेडशातनं कवाच कानावर आलं." मग पत्राचं विचारलं. बेडशाला अजून परत आलेलं नाही, उत्तरही नाही. तारा आठवड्याला एकदा सरबताच्या छपराखाली येऊन बसते, असं ऐकलंय म्हणाले.

"आणि ते चौदा नंबर?" मी विचारलं. "म्हणतात का अजून लोक?"

फोनमध्ये पुडा बांधल्याचा कागदी आवाज येत होता.

"मी न्हाई म्हनत," इब्राहिमभाई म्हणाले. "पन साहेब, बाजाराला कोन सांगनार?"